वाचकांचे प्रश्न : चाल बांधायला शिकवता येते का?

प्रश्न : मी घरी गायनाचे वर्ग घेते. माझे काही विद्यार्थी गायनाची मध्यमा परीक्षा उत्तीर्ण असून बंदिशी नीट मांडतात. परंतु एखादी कविता हाती देऊन ‘हिला चाल लावा’ म्हटले, की गप्प बसतात, नाहीतर ऐकलेलीच चाल पुढे करतात. हे शिकवता येते का?
– एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सुचणे शिकवता येत नाही; पण सुचलेल्या तुकड्याचे पुढे काय करायचे हे निश्चित शिकवता येते आणि चाल बांधण्यातले बरेचसे काम तेच असते. ऐकलेली चाल पुढे करणाऱ्यावर रागावू नका. तुमच्या जवळच्याच हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या काळातील संगीत नाटकांच्या छापील प्रती पाहिल्यात, तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून जुन्या पदाचा पहिला चरण दिलेला आढळतो. म्हणजे तयार चालीवर नवे शब्द बसवणे ही आपल्याकडची शिकाऊपणाची रीतसर पायरी होती. विद्यार्थ्यांनी प्रथम हेच करावे, कारण शब्द कुठे ताणला जातो आणि कुठे मोडतो, हे त्यात लगेच कानाला कळते.

पुढची पायरी म्हणून कवितेऐवजी ‘मोठा अभंग’ या छंदातला अभंग द्यावा. त्याच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे असतात आणि चौथ्यात चार. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत एकेक चरण, अक्षराला एक मात्रा या हिशेबाने, टाळी देत नुसता म्हणवून घ्या. पहिल्या तिन्ही चरणांत दोन-दोन मात्रा मोकळ्या राहतात, चौथ्यात चार. चालीचा खरा प्रश्न या मोकळ्या जागेत असतो : तिथे शेवटचा स्वर लांबवायचा, अर्थाचा शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावा म्हणून चरण उशिरा उचलायचा, की ध्रुवपदाकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीकडे, परतण्याची वाट करायची? हे ठरल्यावरच स्वर द्यावेत, तेही भूप रागातले सा, रे, ग एवढेच. पंचम, धैवत आणि तारषड्ज (प, ध आणि वरचा सा) अंतऱ्यासाठी, म्हणजे पुढच्या कडव्यांसाठी, राखून ठेवावेत. या काळात हार्मोनियम बंद असावी, तानपुरा पुरे. पेटी समोर असली, की बोटे सवयीच्या जागी जातात आणि गळा त्यांच्या मागे फरफटतो.

एकाच अभंगाच्या दोन चाली मागाव्यात आणि विद्यार्थ्याने दोन्ही गाऊन दाखवेपर्यंत आपली चाल मुळीच गाऊ नये. बाईंची चाल एकदा कानावर पडली, की वर्गातल्या साऱ्या चाली तिच्यासारख्या होऊ लागतात.

प्रश्न : चाल सुचल्यावर आधी स्वरलेखन करावे की ध्वनिमुद्रण?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : आधी मोबाईलवर मुद्रण करावे, कारण लिहिता लिहिता चाल बदलते. स्वरलेखन मात्र त्याच दिवशी करावे. भातखंडे पद्धतीत समेची फुली आणि खालीचे (टाळी न देण्याच्या मात्रेचे) शून्य मांडावेच लागते, त्यामुळे गाताना सम नुसती अंदाजाने घेतली होती का, ते कागदावर उघड होते.