'प्रायमरी'ला 'प्राथमिक फेरी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी निवडणुकीच्या मराठी बातम्यांत 'प्रायमरी'साठी कधी 'प्राथमिक फेरी' छापून येतं, कधी 'पक्षांतर्गत निवडणूक'. यातलं बरोबर कोणतं? आणि सभेत जमून पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या पद्धतीला, म्हणजे 'कॉकस'ला, काय म्हणावं?

माझा कौल 'उमेदवारीची निवडणूक' या शब्दाला. या मतदानातून ठरतं ते पक्षाचं तिकीट. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. एबी फॉर्म ज्याच्या हाती, तो अधिकृत उमेदवार. अमेरिकेतही १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले होते. त्यावरून पक्षात रान उठलं, नियम बदलले आणि १९७२पासून अध्यक्षपदाची उमेदवारी मतदारांच्या हाती गेली.

'पक्षांतर्गत' म्हटलं की पक्षाच्या कार्यालयात, सभासदांपुरतं झालेलं मतदान डोळ्यांसमोर येतं. प्रायमरी मात्र बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते. मिशिगनमध्ये तर मतदारयादीत कुणाचा पक्ष नोंदलेलाच नसतो. ऑगस्टमधल्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि मतदाराने कुठल्यातरी एकाच रकान्यात खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्या, तर त्या भागातली मतं बाद. न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडात मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्ष लिहावा लागतो आणि त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. तिथे 'पक्षांतर्गत' चालून जाईल, पण तो मतदारही वर्गणी भरणारा सभासद असतोच असं नाही.

'प्राथमिक फेरी'वर माझा आक्षेप जास्त आहे, कारण तिने निवडणुकीचं वजनच कमी होतं. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागायला उभे राहिले आणि प्रायमरीत ग्रेचेन व्हिटमर यांच्याकडून हरले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिकेपर्यंत ते पोचलेच नाहीत. २०२२ साली डेट्रॉइटकडच्या मतदारसंघात ते प्रायमरी जिंकले आणि पुढे प्रतिनिधिगृहात गेले. तो मतदारसंघ डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी झुंज ऑगस्टमध्येच झाली होती. तिला 'प्राथमिक' कसं म्हणायचं?

एका ठिकाणी मात्र हा शब्द चपखल बसतो. कॅलिफोर्नियात २०१२पासून अध्यक्षपद सोडून बहुतेक मोठ्या पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१६ साली सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सांचेझ या दोघी डेमोक्रॅटच समोरासमोर आल्या. ही खरोखरच पहिली फेरी.

'कॉकस' मात्र कॉकसच राहू द्यावा. आयोवात २०२०पर्यंत डेमोक्रॅट मतदार संध्याकाळी शाळेच्या सभागृहात जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहत. एखाद्या गटात साधारण १५ टक्के माणसं भरली नाहीत, तर बाकीचे गट त्यांना आपल्याकडे ओढत. त्याच राज्यात रिपब्लिकन मात्र भाषणं ऐकून चिठ्ठीवर नाव लिहितात. 'सभा' म्हटलं तर मतदान निसटतं, 'मतदान' म्हटलं तर सभा. फक्त बातमी संसदेतली असेल तर जपून: 'काँग्रेशनल ब्लॅक कॉकस' म्हणजे कृष्णवर्णीय खासदारांचा गट. तिथे सरळ 'गट' लिहावं.