वाचकांचे प्रश्न : निवेदन कुणाला द्यायचं?

प्रश्न : नागपुरातल्या शाळांत हवामान बदल नीट शिकवावा म्हणून नगरसेवकाला निवेदन दिलं. काहीच हाललं नाही. आता काय करावं?

उत्तर : दार चुकलं. राज्य मंडळाची पुस्तकं पुण्याहून, बालभारतीतून येतात. नगरसेवक त्यात काय करणार? नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाच्या, म्हणजे शिक्षकांनी विधान परिषदेवर निवडून दिलेल्या आमदारांना गाठा, तेही दिवाळीआधी. हिवाळी अधिवेशन इथेच भरतं खरं, पण आमदारांना तारांकित प्रश्नांची (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची) सूचना आगाऊ द्यावी लागते. निवेदन एकच पान. विचारा : कोणत्या इयत्तेत, किती तासिका, शिक्षक प्रशिक्षणाला किती निधी? ‘जनजागृती व्हावी’ असं मोघम लिहिलंत, तर ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच ठरलेलं उत्तर येणार. शाळा सरकारी असेल तर व्यवस्थापन समितीच्या विकास आराखड्यातही मागणी घाला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी सोय आहे.