विमानाच्या उजव्या बाजूवरचा अमेरिकेचा झेंडा उलटा का रंगवतात?

उलटा नाही, बरोबरच आहे. काठीला झेंडा बांधून कोणी पुढे धावत सुटलं, तर काठीकडची बाजू पुढे राहते आणि कापड मागे फडफडतं. विमानावरही तोच रिवाज, काठीची बाजू नाकाकडे. म्हणून उजवीकडून पाहिलं की ताऱ्यांचा निळा चौकोन आपल्या उजव्या हाताला येतो. 'एअर फोर्स वन' म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान म्हणून १९९० पासून वापरात असलेल्या बोइंग ७४७-२०० या जंबो विमानाच्या शेपटीवर हे ठळक दिसतं. फ्रान्सच्या झेंड्यातला निळा पट्टाही याच हिशेबाने पुढे हवा.

तिरंग्याला ही भानगडच नाही. पट्टे आडवे, चक्र मधोमध, दोन्हीकडून सारखाच. १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७, 'एम्परर अशोक', आलं तेव्हा नजर खेचली ती खिडक्यांभोवतीच्या लाल झरोक्यांनी (माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात देखणं जंबो).

खरा झेंडा लावायचा नियम मात्र वेगळा. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान खास विमानाने परदेशी गेले की तिरंग्याशेजारी यजमान देशाचाही झेंडा लागतो. वाटेत दुसऱ्या देशात उतरलं, तर तिथे त्या देशाचा.