५० मीटरवर गोळ्या पसरतात तेव्हा
भाऊ, १० मीटरवर गट (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) जमतो आणि पॉइंट टू-टू (.२२) रायफलनं ५० मीटरवर पसरतो, म्हणून लगेच साईट (नेम धरायचं साधन) फिरवू नको. रेंजवर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकव आणि एकाच लॉटच्या (एकाच वेळी बनलेल्या खेपेच्या) काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे चार गट मार. नळी नुकतीच साफ केली असेल तर पहिल्या दहा गोळ्या मोजूच नको.

गट आडवा पसरला तर वारा, नाहीतर रायफल दर वेळी वेगळी तिरपी होते. उभा पसरला तर श्वास किंवा काडतूस. एका काडतुसापासून दुसऱ्यात गोळीच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर-खाली जाते, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! म्हणून तीन-चार लॉट तपासून पाहणं सगळ्यात मोलाचं. गट चारही बाजूंना पसरला तर स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) आणि साईटचे स्क्रू टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) बघ.

आपल्याकडे मे महिन्यात ऊन चढलं की झळा नाचतात, लक्ष्य सरकल्यासारखं दिसतं. चाचणी सकाळीच उरक. काडतुसं तापलेल्या गाडीत ठेवू नको, बारूद गरम झाली की वेग बदलतो.

गट घट्ट पण बाजूला पडत असेल, तेव्हाच साईटला हात लाव.