आठ फुटी मशीनसाठी एक एकर केळी?

जळगावच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 39, पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला 14 वर्षं, हातात महिना 42 हजार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चार बाय तीन फुटांचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, स्वतः बांधलंय. दारांची नक्षी, बंगल्यांच्या पाट्या कोरून त्यावर महिन्याला सात-आठ हजार सुटतात. मावसभाऊ मंगळुरूजवळ सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर उभं राहून घसरायच्या फळ्या, बनवतो. बोर्डाचा फोम कोरायचं बाहेरचं मशीन परवडत नाही, तू बांधून देशील का, असं त्याने विचारलं. मग पुद्दुचेरीचा एक सर्फबोर्डवाला आणि बेंगळुरूचा एक स्केटबोर्डवाला यांनीही ‘आम्हालाही हवं’ म्हटलं. आता बेत असा, की नोकरी सोडून पाच मशीन एकदम बांधायची. खर्च 14 लाख. त्यात एफडी 6 लाख 20 हजार, पीपीएफ 3 लाख आणि उरलेल्यासाठी बायकोचे 12 तोळे गहाण. कमी पडलं तर यावलची एक एकर केळीची जमीन. ‘राजीनामा कधी देऊ?’ एवढंच त्यांना विचारायचंय.

भाऊ, आत्ता देऊ नका. मशीन मात्र बांधा.

तुमचा हिशेब असा आहे: एका मशीनचा माल 2 लाख 35 हजार, विक्री 3 लाख 75 हजार, सुटले 1 लाख 40 हजार. आता यात काय राहिलं ते बघू. एक मशीन बांधायला तुम्हीच सहा आठवडे लिहिलेत. तुमच्याच पगाराच्या दराने ते 63 हजार होतात. लाकडी क्रेट आणि हजारावर किलोमीटरचं भाडं 22 हजार धरा. तिथे जाऊन बसवायचं, सरळ करायचं, शिकवायचं, याला प्रवासासकट 12 हजार. वर्षभराच्या वॉरंटीत एखादी मोटर जाणार, एखादा ड्राइव्ह जळणार, त्याला विक्रीच्या पाच टक्क्यांप्रमाणे 19 हजार. झाले 1 लाख 16 हजार. उरले 24 हजार.

आणि जीएसटी? पत्रात तो शब्दच नाही. 40 लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी लागत नाही हे खरं, पण माल परराज्यात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. तुमची तिन्ही गिऱ्हाइकं परराज्यातली. 3 लाख 75 हजार हा सगळं धरून भाव असेल, तर त्यातले 57 हजार कर. मालावर भरलेल्या कराची वजावट साधारण 36 हजार मिळेल, तरी खिशातून 21 हजार जातील. मग एका मशीनमागे राहतात अडीच-तीन हजार. त्यासाठी सोनं गहाण?

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली नाही, पण पैशाची आहेच. मी तुमची मालाची यादी भुसावळच्या एका टूलरूमवाल्या (साचे-अवजारं बनवणाऱ्या) मित्राला दाखवली. त्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. सर्फबोर्ड सहा-साडेसहा फुटांचा, म्हणजे टेबल आठ फुटी हवं. चार फुटी मशीनमध्ये चालतो तसा बॉलस्क्रू, म्हणजे फिरून कोरणारं डोकं सरकवणारा आट्यांचा दांडा, तुम्ही लांब बाजूलाही धरलाय. एवढा लांब, बारीक स्क्रू वेगाने फिरला की चाबकासारखा हलतो. तिथे रॅक-पिनियन, म्हणजे दात्यांची पट्टी आणि तिच्यावर धावणारं दातेरी चाक, लागेल, म्हणजे यादी बदलली आणि भावही. तो पुढे म्हणाला, फोम कापायला जोर लागत नाही. हलकी फ्रेम चालते, फक्त वर-खालीची चाल भरपूर हवी. स्केटबोर्ड म्हणजे मेपल लाकडाचे सात थर चिकटवून दाबलेली फळी. तिथे हलकी फ्रेम थरथरेल आणि कड फाटेल. तुम्ही ‘एकच मशीन दोघांना’ म्हणताय. ते दोघांना परवडेल असं होणार नाही, किंवा दोघांना आवडेल असं होणार नाही. म्हणून पाच एकदम बांधू नका. पहिलं बांधाल तेव्हा दुसऱ्यात काय बदलायचं ते कळेल. पाचही बांधून ठेवली तर तीच चूक पाच वेळा विकत घेतलेली असेल.

तुमची गिऱ्हाइकं कोण, हेही बघा. बोर्ड बनवणारी ही मंडळी एक-दोन माणसांची दुकानं चालवतात. त्यांचा खिसा तुमच्या-माझ्यासारखाच. अमेरिकेत 5 डिसेंबर 2005 ला क्लार्क फोम नावाचा कॅलिफोर्नियातला कारखाना एका दिवसात बंद झाला. तिथल्या बहुतेक सर्फबोर्डवाल्यांना फोमचे ठोकळे तोच पुरवायचा, त्यामुळे माल कुठून आणायचा या विवंचनेत सगळे छोटे कारागीर सापडले. असं काही झालं की अशा दुकानात पहिला हप्ता मशीनवाल्याचा थकतो. म्हणून उधारी नाही, हप्ते नाहीत. ऑर्डरसोबत निम्मे, माल निघण्याआधी 40 टक्के, बसवून झाल्यावर 10. मावसभावालाही हेच. त्याला आधी.

सोन्याबद्दल जास्त लिहीत नाही. चार पानी पत्रात वहिनींचं मत एका ओळीतही नाही, तेवढं मात्र खटकलं.

जमिनीबद्दल लिहायलाच हवं. यावलची ती एक एकर ही तुमच्या नावावरची एकुलती जमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावरून नाव गेलं तर पुढे पैसे असूनही, कलेक्टरच्या परवानगीशिवाय, शेत घेता येणार नाही. करपा आला, भाव पडला, तरी सातबारा हातात राहतो. मशीन गंजलं की भंगाराचा भाव.

पीपीएफ ‘मोडतो’ असं तुम्ही सहज लिहिलंय. धंद्यासाठी ते खातं मुदतीआधी बंद करता येत नाही. नऊ वर्षं झालीत म्हणून काही रक्कम काढता येईल, पण ती चार वर्षांपूर्वीच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंतच. तुमच्या आकड्यांवरून ती लाखाच्या आसपासही जेमतेम जाईल. तुमच्या 14 लाखांना तिथेच भोक पडलंय.

अमळनेरचा दाखला तुम्ही दिलात, की 1945 ला तिथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो उभी राहिली आणि शेअर धरून बसलेले लोक कुठच्या कुठे गेले. खरंय भो. पण ते शेअर धरून बसले होते. शेत विकून स्वतः कारखाना काढायला निघाले नव्हते.

मग करायचं काय? एफडीतले अडीच लाख आठ महिन्यांचा घरखर्च म्हणून बाजूला. त्यांना हात नाही. आईला शुगर आहे आणि आरोग्य विमा कंपनीचा आहे, तो राजीनाम्यासोबत जाईल. स्वतःची पॉलिसी आजच घ्या, कारण जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती वर्षं नोकरीत असतानाच सरू देत. मशीनसाठी एफडीतून जास्तीत जास्त अडीच लाख. कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतल्या किशोर गटात 5 लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. त्यासाठी उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी) नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे.

तिघांनाही नवा भाव कळवा: साडेचार लाख अधिक जीएसटी. छोट्या दुकानदाराची स्वतःची नोंदणी नसेल तर तो कर त्याच्या अंगावर पडतो, त्यामुळे कुरकुर होईल. होऊ द्या. सोबत 25 हजार टोकन मागा. ‘आम्हालाही हवं’ म्हणायला काही लागत नाही.

बेंगळुरूवाल्याला मात्र मी मशीन विकणारच नाही. त्याला फळी वाकवायला प्रेसचे साचे लागतात, आणि साचे तुमच्या आत्ताच्या चार फुटी राउटरवर आरामात बसतात; स्केटबोर्ड जेमतेम 80 सेंटीमीटरचा. साचा ट्रान्सपोर्टने जातो, बसवायला तुम्ही जावं लागत नाही, आणि त्याने नवा आकार काढला की नवा साचा लागतो. रविवारी होणारं काम आहे. आठ फुटी मशीन झालं की त्यावर एफआरपीवाल्यांचे, म्हणजे फायबरग्लासच्या वस्तू बनवणाऱ्यांचे, फोमचे नमुनेही कापून मिळतील. ते शोधायला समुद्रापर्यंत जायला नको.

राजीनाम्याचा विचार दुसरं मशीन पूर्ण पैसे घेऊन गेल्यावर आणि पहिलं एक पावसाळा समुद्राच्या दमट हवेत चालल्यावर. तेव्हा ग्रॅच्युइटीही मोजा, ती तुम्ही धरलेलीच नाही. तुमचा बेसिक 24 हजार म्हणता, म्हणजे 14 वर्षांचे आजच सुमारे 1 लाख 94 हजार होतात.

रॅक-पिनियनचा भाव घेऊन यादी पुन्हा करा. आणि टोकन तिघांपैकी कोणाचं आलं ते कळवा.