आईच्या मेंदूतले धागे स्कॅनमध्ये दिसतील का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी आई ७६ वर्षांची आहे, मागच्या दिवाळीपासून खूप विसरायला लागलीय. सकाळी तासाभरात सात-आठ वेळा विचारते दूध आलं का, पण जात्यावरच्या ओव्या मात्र एक शब्द न चुकता म्हणते. एमआरआय केला तर रिपोर्टमध्ये मेंदू थोडा आकसलाय एवढंच आलं. माझा भाचा बायोटेकला आहे, त्याने अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूतल्या प्रोटीनच्या धाग्यांचं चित्र दाखवलं, अगदी स्पष्ट दिसत होतं. मग तसं आईचं का काढत नाहीत? कुठे निघेल, खर्च किती येईल? पैशाची तयारी आहे. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, पहिलंच सांगते, ते चित्र जिवंत माणसाचं काढता येत नाही, त्यामुळे कोणी कितीही पैसे मागितले तरी देऊ नका. भाच्याने दाखवलं ते खरंच आहे, पण ते माणूस गेल्यावर घरच्यांनी दान केलेल्या मेंदूतून निघालेलं असतं.

एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो, कुठला भाग आकसलाय ते कळतं, प्रोटीन दिसत नाही. पेट स्कॅनमध्ये शिरेतून एक किरणोत्सारी औषध देतात, ते अमायलॉइड नावाच्या प्रोटीनच्या साठ्याला जाऊन चिकटतं आणि तो साठा कुठे आहे ते स्क्रीनवर उजळतं. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा एका अल्झायमरच्या पेशंटवर हे केलं. म्हणजे साठा आहे का, कुठे आहे हे जिवंतपणी कळतं, पण त्यातला धागा कसा वळलाय हे नाही कळत.

ते कळायला क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यात नमुना इतक्या झटकन गोठवतात की पाण्याचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, पाणी काचेसारखं थिजतं. फ्रीजरमध्ये टाकलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होतो, कारण हळूहळू गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फाटलेल्या असतात, तेच इथे टाळायचं असतं. २०१७ साली केंब्रिजमध्ये मिशेल गोडर्ट आणि शोर्स शेरेस यांच्या टीमने अल्झायमर झालेल्या एका बाईंच्या मेंदूतून टाऊ प्रोटीनचे धागे वेगळे काढून त्यांची रचना जवळजवळ अणूपर्यंत मांडली. दोन पेडांचा सुंभ असतो ना तसे दोन पेड, आणि प्रत्येक पेडात प्रोटीनची घडी इंग्रजी सी अक्षरासारखी. पुढच्याच वर्षी पिक नावाच्या मेंदूच्या दुसऱ्या एका आजारातल्या टाऊची घडी बघितली तर ती वेगळीच निघाली, मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं, प्रोटीन तेच पण आजार बदलला की घडी बदलते! आपण सरसकट म्हातारचळ म्हणून मोकळे होतो, तो शब्द मला अजिबात आवडत नाही, आणि इथे तर आत एकेका आजाराचा धागासुद्धा वेगळा आहे.

पण धागे असे बाहेर काढायचे तर मेंदूचा तुकडा वाटावा लागतो, मग शेजारी काय होतं ते समजत नाही. २०२४ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या रेने फ्रँक यांच्या टीमने दान केलेल्या मेंदूचा तुकडा न वाटता, गोठवून, त्याचे अतिशय पातळ पापुद्रे काढले आणि वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेऊन आतलं सगळं त्रिमितीत उभं केलं. भाच्याने बहुतेक हेच दाखवलं असेल. त्यात अमायलॉइडच्या ठिकाणी धाग्यांची जाळी होती, काहींना फाटे फुटलेले, मधेमधे चरबीचे बारीक फुगे अडकलेले, आणि टाऊचे धागे मात्र बिनफाट्याचे, एकाला एक समांतर, जुडी बांधल्यासारखे.

आता आईच्या दुधाकडे येते. पेशीच्या आत वाहतुकीसाठी ज्या नळ्या असतात त्यांना टाऊ धरून ठेवतं, मांडवाच्या बांबूंना सुतळीने बांधतात तसंच. अल्झायमरमध्ये ही सुतळी सुटते आणि तिच्याच गाठी होऊन पेशीत अडकतात. या गाठी सहसा आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या शेजारी होतात, आणि नवीन आठवण तयार होते ती याच भागात, म्हणून आत्ताचं दूध टिकत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या ओव्या टिकतात. माझ्या सासूबाईंचं असंच होतं, त्या उशीखाली भाकरी लपवायच्या आणि आम्ही चिडायचो, ते आठवलं की आजही पोटात तुटतं. आईला आठवं उत्तरसुद्धा पहिल्यासारखंच द्या. ओव्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

पण आईला अल्झायमरच आहे असं मी इथून म्हणत नाहीये. बी१२, थायरॉइड तपासलंय का? मधे कधी पडल्या होत्या का, नीट ऐकू येतं का, मन उदास आहे का? यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, हे आधी न्यूरोलॉजिस्टकडून बघून घ्या. पेट स्कॅन सगळ्यांना लागत नाही. हा अमायलॉइडचा साठा कमी करणारं लेकानेमॅबसारखं औषध द्यायचं असेल तर अमायलॉइड आहे हे सिद्ध करावं लागतं, तेव्हा त्याचा उपयोग. ते औषध सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, आजार थांबत नाही, थोडा मंदावतो, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात.

भाच्याला एक सांगा, आपल्याकडेही बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी आहे, १९९५ पासून. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे मेंदू तिथे जातो असं नाही, ते वेगळं विचारावं लागतं, आणि गेल्यावर धावपळ करून जमत नाही कारण सगळं काही तासांत व्हावं लागतं. तुमच्या घरात हा विषय काढायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, पण काढायचाच असेल तर आईला स्वतःला विचारा, अजून तिला कळतंय तोवर, आणि ती नको म्हणाली तर परत विषय काढू नका.