बडोद्यातल्या कॉलेजात मुलग्यांच्या आरोग्यावर कार्यक्रम करायचा आहे, मुलं येतील असं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 19 नोव्हेंबरला, आंतरराष्ट्रीय पुरुष दिनाच्या निमित्ताने, कॉलेजात मुलग्यांच्या शरीर-मनाच्या आरोग्यावर काही करायचंय, पण व्याख्यान ठेवलं तर हॉल रिकामा राहील. मी बडोद्यातच एका कॉलेजात शिकवतो, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामही बरीच वर्षं पाहतो. तुमची शंका बरोबर आहे. व्याख्यान ठेवू नका.

कँटीनजवळ बीपी मोजायचं टेबल मांडा. सोबत वजनकाटा आणि कमरेचा घेर मोजायला टेप. ‘मला रात्र रात्र झोप लागत नाही’ हे सांगायला एकही मुलगा आपणहून येणार नाही, पण ‘चल, तुझं बीपी किती ते बघू’ म्हणत चौघं मिळून येतात. 120/80 च्या खाली असेल तर उत्तम. 140/90 किंवा जास्त आलं तर घाबरवू नका, पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा आणि तरीही तेवढंच आलं तर दुसऱ्या दिवशी परत बोलवा. कमर 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर तेवढं सांगा. आणि टेबलापासून दहा पावलांवर दार लागणारी एक खोली ठेवा, आत एक डॉक्टर आणि दोन खुर्च्या. खरा कार्यक्रम त्या खोलीत होतो. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी लावू नका, ‘डॉक्टर’ एवढंच पुरे.

त्या खोलीत काय विचारलं जातं? बहुतेक वेळा पहिला प्रश्न ‘धातू जाते’, म्हणजे वीर्य वाया जातं, हा असतो. भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून विशीतली मुलं स्वतःला संपलेली समजतात, मेसचे पैसे वाचवून पुड्या विकत घेतात. डॉक्टरांनी तिथे सरळ सांगावं की वीर्य शरीरात सतत तयार होत राहतं, झोपेत ते बाहेर पडणं स्वाभाविक आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही. डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 मध्ये या भीतीला वैद्यकात नाव दिलं, ‘धात सिंड्रोम’. पण तेवढं सांगून मुलाला उठवू नये. या तक्रारीमागे अनेकदा खरी उदासी किंवा चिंता असते आणि उपचार तिच्यावर करावे लागतात. शरीराच्या तक्रारीतून मनाकडे जाणारी वाट इथे सापडते, म्हणून मी या मुद्द्यावर एवढा अडून बसतो.

पोस्टर एकच करणार असाल तर ते अंडकोषाच्या पिळाचं करा. अचानक एका बाजूला जीवघेणं दुखू लागतं, मळमळतं, कधी दुखणं पोटातच वाटतं. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर अंडकोष गमवावा लागू शकतो. लाजेपायी मुलं सकाळ होईपर्यंत थांबतात. ‘रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डनला उठव आणि सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा’ हे वाक्य हॉस्टेलच्या बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा. खाली एक ओळ गाठीविषयी असू द्या: न दुखणारी गाठ लागली तर दाखवून घ्यायची. अंडकोषाचा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे, तो मुख्यतः तरुणपणी होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा मावा आहेच. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, किंवा तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दंतवैद्याकडे पाठवा. जिमवाल्यांशी स्टेरॉइडबद्दल बोला, पण उपदेशाच्या सुरात नको. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात. एवढी माहिती पुरते. शाकाहारी मुलांत बी-12 जीवनसत्त्व कमी असणं नेहमीचं आहे. थकवा, हातापायाला मुंग्या आणि कधी उदासीही त्यातून येते. यासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागातल्या विद्यार्थिनींना जरूर विचारा. पुरुषांच्या आरोग्याचं काम पुरुषांनीच करावं असं काही नाही.

आता मनाचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 1,22,724 पुरुषांच्या होत्या आणि एकूण आकड्यात 13,044 विद्यार्थी होते. हे आकडे स्टेजवरून वाचून दाखवू नका, त्याने ऐकणारा बधिर होतो. ते प्राचार्यांपुढे ठेवा, परवानगी आणि खोली मिळवण्यासाठी. मुलग्यांमध्ये नैराश्य बरेचदा चिडचिडीच्या, भांडणाच्या, नशेच्या किंवा दिवसभर झोपून राहण्याच्या रूपात दिसतं. घरी ‘काही नाही, बरंय’ एवढंच उत्तर मिळतं. मेसवाल्याला आणि रूम पार्टनरला ते आधी कळतं, म्हणून तासभर त्यांच्याशी बोला. ‘जगणं नको असं मनात येतं का रे?’ हा प्रश्न सरळ विचारता येतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

एक कळकळीची विनंती. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली निनावी फॉर्म करून ग्रुपवर फिरवू नका. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्यावर कुणी ‘रोज’ अशी खूण केली आणि तो कोण हे तुम्हाला कळलंच नाही, तर करणार काय? पुढची सोय आधी लावा, मग विचारा. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत, चोवीस तास चालू असतो. ओपीडीचे दिवस स्वतः जाऊन विचारून या आणि पहिल्या वेळी मुलाबरोबर कोण जाणार ते ठरवून ठेवा.

दांडिया बाजारच्या बाजूला जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. प्रा. माणिकराव तिथे तालीम द्यायचे, शिवाय हाड सरकलेल्यांवर उपचारही करायचे. मुलग्यांच्या शरीराची विचारपूस करणारं मोठं माणूस या शहराला नवं नाही. तुमच्या कॉलेजचे पीटीचे सर तयार असतील तर पहिलं निमंत्रण त्यांच्या तोंडून जाऊ द्या, मुलं त्यांचं ऐकतात.

तारखेचा मात्र हट्ट धरू नका. नोव्हेंबरात परीक्षा आल्या तर टेबल पुढे ढकला आणि निकालाच्या आठवड्यात, एटीकेटीची यादी लागते तेव्हा, ती खोली पुन्हा उघडा. मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाकडे डॉक्टर मागायचे तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागेल. ते या आठवड्यातच देऊन टाका, सरकारी टेबलांवरून फिरायला त्याला वेळ लागतो.